कवडूभाऊंनी बरबटीला ताण दिला

संत्र्याच्या बागेला ताण कधी द्यायचा, म्हणजे पाणी तोडून झाडं फुलावर कधी आणायची, हे मोहगावात कवडूभाऊंना विचारल्याशिवाय कुणी ठरवत नसे. न विचारताही ते सांगत. त्यांनी मात्र कुणाला काही विचारल्याचं गावाला आठवत नाही. बायकोला तर नाहीच नाही.

एप्रिलात गुणवंताबाई लेकीच्या, प्रणालीच्या बाळंतपणासाठी पांढुर्ण्याला निघाल्या. जाताना विहिरीजवळचा बरबटीचा, म्हणजे चवळीचा वेल दाखवून म्हणाल्या, "माह्या मायच्या घरचं बी हाय. सारंच पेरलं, डब्यात एक दाणा नाही. सांभाळजा जी."

"तू मले शेती शिकवून राहिली?" कवडूभाऊ म्हणाले.

वेल माजला, शेंग मात्र दिसेना. फुलं मोजून पाच-सहा. कवडूभाऊंनी जाणत्यासारखी मान हलवली आणि पाणी तोडलं. अख्खी संत्र्याची बाग ताणानं फुलते, मग या चिमूटभर वेलाची काय बिशाद! आठवड्यात पारा पंचेचाळीसवर गेला. होती ती फुलंही खाली, आणि पानं पापडासारखी.

कवडूभाऊंना बायकोचा रिकामा डबा आठवला. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झालेली, हे बी आता आणायचं कुठून? तीन दिवस त्यांनी फोन करून नुकत्याच झालेल्या नातीची खुशाली विचारली आणि ठेवून दिला. चौथ्या दिवशी म्हणाले, "गुणवंता, एक विचारू?"

गुणवंताबाई दचकल्या. "तब्येत बरी हाय ना जी तुमची?"

मग त्यांनी सारं कबूल केलं. लाजेनं कान तापले होते. गुणवंताबाई रागावल्या नाहीत. "दुपारचं ऊन अडवा, वर लुगडं बांधा. रोज सकाळी बुडाशी पाणी द्या. पाल्यानं माती झाका."

कपाटात हाताला लागलं ते लुगडं भाऊंनी बांधलं. ते नेमकं लेकीच्या लग्नातलं निघालं.

जूनमध्ये गुणवंताबाई परतल्या, तेव्हा वेलावर सात शेंगा वाळत होत्या. त्यांनी शेंगा पाहिल्या, विटलेलं लुगडं पाहिलं. एक शेंग सोलून दाणे मुठीत घट्ट धरले. डोळे भरून आले होते.

संध्याकाळी शेजारचा अरविंद आला. "भाऊ, एवढ्या उन्हात शेंगा कशा धरल्या जी? आमची तं सारी फुलं गळली."

कवडूभाऊंनी घसा खाकरला. मग उठले, आपली खुर्ची रिकामी केली आणि आत हाक मारली, "गुणवंता, बाहेर ये. अरविंद तुले विचारून राहिला."

आणि स्वतः पायरीवर बसले, ऐकायला.