मुठीतलं संत्रं

"हात काढा! अहो जवाईबापू, हात बाजूले काढा म्हणून राहिलो ना मी!"

सासरे एवढ्या जोरात ओरडले की माझ्या पेनानं 'क्ष'च्या पोटातून थेट कागदाबाहेर उडी मारली. तिकडे तिगावच्या स्टेशनात उभी असलेली मालगाडीसुद्धा हिरवी झेंडी समजून हलली असेल. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू होतं, ते तर मेलंच.

"बाबाजी, व्हिडिओ खराब झाला न!"

"खराब व्हायले दिसला कुठं? तुमची मूठच दिसून राहिली नुसती. मुठीखाली काय झाकून ठेवलं?"

मी सौंसरला राहतो आणि पोरांना अक्षर सुधारायला शिकवतो. कागदावर लिहितानाचा व्हिडिओ मोबाइलवर टाकतो आणि लोक बघतात. सासरे पांढुर्ण्याचे. त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली मला वर्गासाठी हवी होती. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तिथल्या प्रत्येक आईला आपलं पोट्टं पाळण्यातच कलेक्टर दिसायला लागलं होतं, आणि कलेक्टरचं अक्षर चांगलं नको? पण त्याच खोलीवर एका संत्र्याच्या व्यापाऱ्याचा डोळा होता. सासऱ्यांनी मला अट घातली, "माह्या डोळ्यासमोर लिहून दाखवा, मंग पाहू."

आता सासऱ्यांचा जन्म गेला बैलबाजारात दलाली करण्यात. दुपट्ट्याखाली हात घालायचा, बोटांनी भाव करायचा आणि वर तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा मारायच्या. झाकलेला हात दिसला की आत काहीतरी सौदा चालू आहे, असं हा माणूस धरूनच चालतो. देवळात कुणी हात जोडले तरी ते तळव्यांच्या फटीतून वाकून बघतील.

आणि माझी मूठही तशीच, हे कबूल. पेन अगदी टोकापाशी धरायचो, अंगठा बोटांवरून असा आवळायचो की पेनाला श्वास घ्यायची सोय नाही. मनगट आत वळलेलं, पंजा ओळीच्या वर. कॅमेऱ्यात दिसायचा फक्त पंजा. पंजा पुढे सरकला की मागून अक्षर बाहेर पडायचं, कोंबडी उठल्यावर अंडं दिसावं तसं. त्या मुठीखाली बोरगावची अख्खी जत्रा बसली असती तरी बघणाऱ्याला पत्ता लागला नसता. व्हिडिओखाली लोक लिहायचेच, "सर, हे आधीच लिहून ठेवलं आहे काय?" मी म्हणायचो, जळतात.

सासऱ्यांनी मात्र निकालच दिला. "मले सांगू नका. पोरगी आधी पेन्सिलनं लिहून ठेवते, अन् तुमी वरून गिरवता."

पोरगी म्हणजे माझी बायको. तिचं अक्षर चांगलं आहे, हे त्यांच्या अख्ख्या गल्लीला माहीत. तिनं तिथल्या तिथं म्हणायला हवं होतं, 'नाही बाबा, हे त्यांचंच.' ती काय म्हणाली?

"दिसत तर काहीच नाही बाबा. तुमचंबी चुकत नाही."

तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी सौंसरला परतलो आणि तिच्याच शिकवणीला बसलो. तिनं मोबाइल माझ्या डाव्या अंगाला, संत्र्याच्या दोन कॅरेटांवर फळी टाकून बांधला. कागद तिरपा केला. "पेन टोकापासून दोन बोटं वर पकडा. मनगट सरळ. हात ओळीच्या खाली ठेवा, वर नाही." माझी मूठ तरीही लाजाळूसारखी मिटायची. मग तिनं बागेत गळून पडलेलं, लिंबाएवढं हिरवं संत्रं आणलं आणि माझ्या तळव्यात ठेवलं. "हे दबलं नाही पाहिजे. पडलंबी नाही पाहिजे. आता लिहा."

काय सांगू! हात उघडला. पेनाचं टोक लखलखीत दिसायला लागलं. सगळं दिसायला लागलं, फक्त अक्षर बिघडलं. मी म्हटलं, "आठ-पंधरा दिवस जाऊ दे, हात बसू दे." तर म्हणते कशी, "कशाले? बाबा व्यापाऱ्याले हो म्हणून टाकतील. रविवारीच चला."

एवढी घाई काहून? हे मी मनात विचारलं. मोठ्यानं विचारायला पाहिजे होतं.

रविवारी पांढुर्ण्यात त्या खोलीत मांडणी केली. मोबाइल चालू. मी तळव्यात संत्रं ठेवून पेन उचललं, तोच सासरे पुन्हा गरजले, "मुठीत काय हाय? उघडा मूठ!"

दचकून बोटं सुटली. संत्रं टेबलावरून घरंगळत गेलं आणि सासऱ्यांच्या पायाशी थांबलं. त्यांनी ते उचललं, हुंगलं, उन्हात धरून पाहिलं. आत काही चिठ्ठीबिठ्ठी नाही याची खात्री झाल्यावर खिशात टाकलं. "आता लिहा."

मी लिहिलं. हात ओळीखाली, मनगट सरळ, सगळ्या जगाला दिसेल असं. पहिली ओळ अशी उतरली, जसा बैलबंडी उलटून कापूस रस्ताभर सांडावा. दुसरी तिच्याहून वाईट.

सासऱ्यांचा चेहरा खुलला. "हे खरं! हे तुमचंच हाय, पटलं मले."

मी छाती फुगवली.

"मंग आधीचं सारं पोरीचं."

"तसं नाही बाबाजी! मी जुन्या पद्धतीनं धरतो, आत्ता दाखवतो—"

"झाकून लिहिलेलं मी मानत नाई."

आता याच्यावर कोणत्या कोर्टात जायचं? उघडं लिहिलं तर खराब, चांगलं लिहिलं तर झाकलेलं! त्यांनी पेन पोरीपुढे केलं. तिनं ते दोन बोटं वर धरलं, हात ओळीखाली ठेवला, आणि मोत्यांची माळ ठेवावी तशी ओळ कागदावर सोडली. संत्र्याबिंत्र्याची गरज पडली नाही. जणू ती वर्षानुवर्षं असंच लिहीत होती. सासऱ्यांनी खोलीची किल्ली तिच्या हातावर ठेवली. व्यापाऱ्याला त्यांनी फोन करून नाही म्हटलं, आणि मला चहा विचारला.

वर्ग जोरात चालतो आता. पोरं मावत नाहीत, आया खिडकीतून बघतात. व्हिडिओत हात तिचा असतो. मोबाइल मी धरतो, कारण कॅरेटं हलतात आणि मी हलत नाही, असं तिचं म्हणणं.

परवा ती 'क्ष' काढून दाखवत होती. एकही माणूस खाली शंका लिहीत नाही हल्ली. मला राहवलं नाही. मी हळूच विचारलं, "खरं सांग, त्या दिवशी माझं अक्षर बिघडणार, हे तुले आधीच मालूम होतं न?"

तिनं मान वर केली नाही.

"मोबाइल हलवू नका," ती म्हणाली.