धुऊन दिलेली फडकी

आफ्रिकेतून आमच्या ऑफिसात येणारी माणसं बियाण्यासाठी येतात. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी परदेशी गिऱ्हाइकांचं काम बघते. घानातल्या अक्रा शहराचा एक व्यापारी आमच्याकडून भेंडीचं आणि मिरचीचं बी नेतो. एका हिवाळ्यात तो आला तेव्हा त्याची थोरली बहीण सोबत होती. ती चित्रकार आहे असं त्याने सांगितलं, पण चित्रं काही ती काढत नव्हती. वापरलेली कापडं गोळा करायची, एकमेकांना जोडून भिंतीएवढी करायची आणि प्रदर्शनात लावायची, हा तिचा उद्योग. तिला कापसाची वेचणी बघायची होती.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "न्या शेतात, काय बघायचं ते बघू द्या. पण लक्ष ठेवा. फवारणीचा पंप, औषधाचे डबे फोटोत यायला नकोत. इथून फोटो न्यायचे आणि तिकडं भलतंच दाखवायचं, असं बिलकुल चालणार नाही."

साहेब उगाच घाबरतात असं मला वाटलं नाही. माझ्याही मनात तेच होतं. आमच्या बायकांचे फुटलेले तळवे, उन्हानं करपलेले चेहरे कुठल्या तरी गार हॉलमध्ये टांगायचे आणि चांगल्या कपड्यांतल्या लोकांनी हळहळत बघायचे. म्हणून मी तिला अनोळखी शेतात नेलं नाही. शहागडच्या अलीकडे माझ्या चुलत्यांची जमीन आहे, तिथं नेलं. काकू तिथं असली की कुणी जास्तीचं काही करू शकत नाही.

पाहुणीने फोटो अगदी थोडे काढले. बांधावर बसून ती बायकांच्या कमरेकडेच बघत राहिली. वेचणीला आमच्याकडे जुन्या लुगड्याचं फडकं कमरेला बांधून पुढे झोळी करतात आणि वेचलेला कापूस तिच्यात टाकतात. हिरव्या बोंडांचा चीक, घाम, माती यांनी ते फडकं काळपट पडलेलं असतं. दुपारी बायका जेवायला बसल्या तेव्हा पाहुणी मला म्हणाली, "ही फडकी मला मिळतील का? प्रदर्शन झालं की परत करीन."

मी काकूला सांगितलं. काकूचा घास हातातच राहिला.

"कशाला पाहिजे तिला?"

"भिंतीवर लावणार. लोक बघायला येतात."

"कमरंचं फडकं बघायला?" काकू आवाज खाली आणून म्हणाली, "तू शिकलीस, पण तुला कळून न्हाई राह्यलं. त्याच्यात आमचा घाम हाय, केसं हायेत. करणी करायला हेच तर लागतं. म्या न्हाई देणार."

बाकीच्या बायकांनी आपापली फडकी मांडीखाली ओढून घेतली. पाहुणीला मी सांगितलं की त्या विचार करून सांगतो म्हणतात. ती म्हणाली, "घाई नाही, उद्या येते." तिच्या या सबुरीचाही मला संशय आला. फाटक्या फडक्यासाठी कुणी पुन्हा एवढ्या लांब येतं का?

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर काकूच्या घरामागे दोरीवर सगळी फडकी वाळत घातलेली. खाली चुलीवर मोठं पातेलं, पाण्यात धुण्याचा सोडा. काकूने वेचणीच्या सगळ्या बायकांची फडकी उकळून, आपटून, पिळून काढली होती. "घे म्हणावं आता," ती म्हणाली. "पाहुणीला रिकाम्या हातानं लावू ने."

पाहुणीचा चेहरा पडला. एक फडकं तिने उन्हाकडे धरून बघितलं. "मला त्यांच्यावरचे डाग हवे होते," ती मला म्हणाली.

हे मी काकूला सांगायला नको होतं, पण सांगून बसले. काकूने टाळीच वाजवली. "बघ! काल काय म्हणलं व्हतं मी? डागच पाहिजे व्हते तिला!"

काही झालं तरी पाहुणीने फडकी घेतली, घडी करून बॅगेत ठेवली आणि सगळ्यांना हात जोडले. ती रागावली की काय, ते मला कळेना. कळून घ्यायची हिंमतही झाली नाही.

पुढच्या वर्षी कंपनीने अक्र्यातल्या शेतीच्या प्रदर्शनात स्टॉल घेतला आणि मला पाठवलं. त्याच दिवसांत शहरात कलेचा उत्सव चालला होता. जुनी गोदामं, बंद पडलेल्या कचेऱ्या, जागा मिळेल तिथं आताच्या कलावंतांची कामं मांडलेली. पाहुणीने बोलावलं होतं. मी गेले ती तपासणीला गेल्यासारखी. आमच्या बायकांचं काय केलंय ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

समुद्राजवळच्या एका गोदामात आत शिरले आणि आधी भलत्याच गोष्टींपुढे थांबले. मासेमारीची फाटकी जाळी एकात एक विणून छताला भिडलेला मनोरा. स्कूटरच्या टायरचे तुकडे शिवून केलेला, झोपलेला बैल. उंची कापडात नटलेल्या बायकांचे मोठमोठे फोटो, आणि त्या सगळ्या बघणाऱ्याकडे अशा रोखून बघत होत्या की मीच साडीचा पदर सारखा केला. हळहळावं असं तिथं काही नव्हतं. हे मला अपेक्षित नव्हतं, आणि त्याने माझा संशय गेला असंही नाही.

मागच्या दालनात फडकी होती. एका बाजूला घानाच्या उत्तरेकडच्या कापूस वेचणाऱ्या बायकांची, मातकट आणि डागाळलेली. समोर आमची, पांढुरकी. मागून दिवे लावले होते, त्यामुळे काकूच्या सोड्यानेही न गेलेले चिकाचे फिके ओघळ स्पष्ट दिसत होते. खाली पाटी होती: 'जालना, भारत. देण्याआधी बायकांनी ही उकळून धुतली.'

माझे कान गरम झाले. म्हणजे तिने आमचं अडाणीपण इथं आणून मांडलं तर! मी पाटीचा फोटो काढत होते तेवढ्यात एक म्हातारी बाई आणि तिची नात माझ्याजवळ आल्या. म्हातारीने काहीतरी विचारलं. नातीने इंग्रजीत सांगितलं, "आजी विचारते, तुम्ही हे विकत घेणाऱ्या का? समोरच्या फडक्यांत एक तिचं आहे."

मी घाईने सांगितलं की नाही, मी यांच्या बाजूची, ही फडकी माझ्या गावाकडची आहेत. म्हातारीने मला नीट न्याहाळलं. मग नातीकरवी विचारलं, "तुमच्या बायकांनी धुतली का?"

"आमच्यात दुसऱ्याला मळकं काही देत नाहीत," मी म्हणाले.

म्हातारीचा विश्वास बसला नाही. तिने माझा हात धरून मला समोरच्या भिंतीशी नेलं आणि आपलं फडकं दाखवलं. त्याचा एक कोपरा तिरपा कापलेला होता. नात हसत म्हणाली, "देण्याआधी आजीने तो कापून घरात ठेवला. कोण कशाला नेतंय, काय सांगावं?"

मी हसले, पण म्हातारी हसत नव्हती. मग मीही खरं काय ते सांगून टाकलं, करणीसकट. तिने मान डोलवली आणि माझा हात सोडला.

पाहुणी भेटली तेव्हा मी सरळच विचारलं, "पाटीवर ते लिहायची काय गरज होती?"

"त्यांनी जे केलं तेच लिहिलंय," ती म्हणाली. "तू त्यांची भीती माझ्यापासून लपवलीस तरी मला ती तिथंच समजली होती. मी मागितलं ते त्यांनी दिलं नाही, त्यांना द्यायचं होतं ते दिलं. ते मी का झाकू?"

"आणि परत कधी देणार?"

"अजून दोन ठिकाणी बोलावणं आहे. नंतर."

जालन्याला आल्यावर काकूला मोबाइलवर सगळं दाखवलं. आपलं फडकं तिने लगेच ओळखलं. म्हातारीचं कापलेलं फडकं मात्र ती बोटांनी मोठं करून करून बघत राहिली. "हुशार हाय ही," ती म्हणाली. "मंग आपली कधी येणार?"

फडकी अजून आलेली नाहीत. मराकेशच्या कलामेळ्यात ती लागली होती, आता केपटाउनला आहेत. पाहुणी कळवत असते, आणि तरीही मी स्वतः मोबाइलवर शोधून खात्री करते. कुठं कुठला उत्सव भरलाय, कुणाची कामं आहेत, हे बघायची आता सवयच लागली आहे. सुरुवातीला फक्त फडक्यांवर नजर ठेवायची म्हणून बघायचे. हल्ली फडकी दिसली तरी मी पुढं बघत राहते. परवा लागोसच्या एका प्रदर्शनातली मिठाच्या पोत्यांची होडी बघण्यात जेवणाची सुट्टी गेली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "रोज काय बघून राह्यल्या एवढं?"

"आमचा माल अडकलाय तिकडं," मी म्हणाले.