गोल केलेले कोपरे

एकदा मिळालेल्या उत्तरावर मुळीच विश्वास न ठेवणारा माणूस आख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच होता, आणि नेमका तोच माझ्या बायकोचा थोरला भाऊ निघाला. आमचे हे मेहुणे इंजिनियरिंगच्या कॉलेजात शिकवायचे. शेतीच्या अवजारांचं लोखंड कुठं मोडेल, ते मोडायच्या आधीच कॉम्प्युटरवर काढणं हा त्यांचा उद्योग. त्यासाठी ते लोखंडाच्या तुकड्याचं चित्र त्रिकोणांच्या जाळीत वाटून टाकत आणि कुठं किती ताण येतो ते मशीन सांगे. पण यांचं समाधान कुठलं व्हायला! त्रिकोण निम्मे करायचे, पुन्हा सोडवायचं, पुन्हा निम्मे. दोन उत्तरं जुळली की मगच चहा. "जाळी बारीक केल्यावर जे हलत नाही ना दाजी, तेच खरं," असं मला सांगत.

घरातही तीच तऱ्हा. ताटातली भाकरी ते त्रिकोणात मोडत, करपलेल्या कडेला बारीक, मध्ये मोठे, तोवर कालवण गार. विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं ती. आज एसटी बंद, उद्या बाजार बंद. मानवतची गाडी सुटणार का, हे ते तिघांना विचारत आणि तिघांचं जुळेपर्यंत गाडी निघून जाई.

सासरे गेले त्या दिवशीही ते गावाकडं, पोखर्णीला उशिरा पोचले. निरोप आला तेव्हा मशीनवर जाळीचं गणित चालू होतं. तेराव्याला ही रागाच्या भरात बोलून गेली, "बाबा तुझी वाट बघत गेले, आणि तू त्रिकोण मोजत बसलास." झालं. त्यानंतर दोन भाऊबिजा पाट रिकामा राहिला. ही ओवाळणीचं ताट तयार करून दुपारपर्यंत दाराकडं बघायची आणि मग झाकून ठेवायची. मला लय वाईट वाटायचं.

मेहुणे मात्र मला बाजारात गाठून त्या एका वाक्याचीही जाळी बारीक करत. "निरोप किती वाजता आला होता? ती माझ्याकडं बघून म्हणाली की भिंतीकडं?" मी आठवेल ते सांगे. जितकं खोलात जावं तितकं त्यांचं तोंड उतरे. "दाजी, हे थांबतच नाही. दर खेपेला वाढायलंय."

त्याच सुमारास औताचा एक काटकोनी तुकडा त्यांना छळत होता. आतल्या कोपऱ्यात जाळी जितकी बारीक करावी तितका ताण चढतच जाई. पंधरा दिवस त्यांनी मशीनला शिव्या घातल्या. शेवटी तुकडा पिशवीत टाकून मला घेऊन झरीच्या लोहाराकडं गेले. म्हाताऱ्यानं कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"सायेब, कोपरा असा टोकदार ठिवल्यावर कितीबी बारीक बघा, तितं तडकणारच. आमी कानशीनं घासून गोल करून टाकतो."

मेहुण्यांनी कपाळावर हात मारला. हेच ते दरवर्षी पोरांना फळ्यावर शिकवत आले होते. परतीच्या एसटीत ते त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत बसले.

त्या भाऊबिजेला ते सकाळीच दारात उभे. हिची धांदल उडाली. पाट मांडला, भोवती रांगोळीची चौकट काढली. बसायच्या आधी ते वाकले आणि बोटानं चौकटीचे चारी कोपरे पुसून गोल केले.

"दादा, हे काय करायलास?"

"इथंच तडकतं, बाई." मग मान खाली घालून म्हणाले, "मला यायला उशीर झाला. त्यात मोजायचं काही नव्हतं."

हिनं ताट उचललं. त्यांना ओवाळलं. त्या दिवशी मेहुण्यांनी भाकरी त्रिकोण न करता खाल्ली आणि कालवण गरम होतं म्हणून तोंड पोळून घेतलं.

आता ते नाहीत. भाऊ नसलेल्या बाईनं भाऊबिजेला चंद्राला ओवाळायचं असतं, तशी ही अंगणात ओवाळते. पाट मांडते, रांगोळीची चौकट काढते. मग खाली बसून बोटानं चारी कोपरे गोल करते.