शिमग्यासारखा हसलो

१९३८ साल. मी वीस वर्षांचा होतो, बैलगाडी हाकायचो. आटगाव स्टेशनावर जंगलखात्याचा एक नवा कारकून उतरला, त्याला मी शेणव्याला नेत होतो. संगती माणूस नाही, फक्त एक ट्रंक. नाव मी विचारलं नाही.

वाटेत तो म्हणाला, "कॉलेजच्या नाटकात मी राणी व्हायचो." मग उपरण्याचा पदर डोक्यावरून घेऊन तो मेलेल्या लेकराला हाका मारायला लागला. डोळ्यांत खरं पाणी.

बाईचं सोंग मी शिमग्यातच पाहिलेलं. तिथं लुगडं नेसलेल्या बाप्याला बघून हसायचं असतं, नाय हसलं तर त्याचा अपमान. म्हणून मी मोठ्यानं हसलो.

त्यानं उपरण्याची घडी घातली.

"नाटकात या प्रसंगाला सगळे रडायचे रे," तो म्हणाला. "आठ वर्षांनी आज कुणापुढं तरी केलं."

शेणवा आल्यावर त्यानं ट्रंक स्वतःच उतरवून घेतली.

माफी मी कुणाची मागत नाय, अजूनही नाय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बिऱ्हाडी गेलो, मयताच्या दारी बसतात तसा खाली बसलो आणि म्हटलं, "साहेब, कालचं पहिल्यापासून करा."