अण्णांचा तांब्या आणि दोर

दुष्काळाच्या त्या वर्षी मला हलकं होण्याचं वेड लागलं होतं. कन्नडकडच्या डोंगरावर बायकोला घेऊन एक मुक्काम करायचा, एवढाच बेत. पण त्यासाठी मी किलोपेक्षा कमी वजनाचा तंबू आणि पाणी प्यायचा कागदासारखा पातळ मग विकत घेतला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू तोलायचो. टूथब्रशचा दांडासुद्धा अर्धा कापला. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गंगापूरकडच्या खेड्यात वाढलेले. पितळी तांब्या आणि शहागंजच्या बाजारातून आणलेला सुती दोर घेतल्याशिवाय ते बाहेरगावी जात नसत. चिकलठाण्याला आमच्या घराभोवती इमारतींवर इमारती उठत होत्या, बोअर आटले होते, सगळी गल्ली टँकरची वाट बघायची. तरी त्यांचा दोर खुंटीला तयार. तांब्यासकट तो त्यांनी माझ्या पिशवीत ठेवला. मी काढला. त्यांनी पुन्हा ठेवला.

"ऱ्हाऊ दे रं. यंदा पाणी लई खाली गेलंय."

मी दोन्ही त्यांच्यादेखत काट्यावर ठेवलं. "किलोच्या वर भरतंय, अण्णा. तुम्ही येताय का वाहायला?"

निघताना मी दोन्ही पाण्याच्या रिकाम्या ड्रममागं लपवलं, परत पिशवीत येऊ नये म्हणून.

डोंगरावर कातळात खोदलेलं टाकं आहे, मग पाणी कशाला वाहायचं, असा माझा हिशेब. दोनच बाटल्या घेतल्या. भर दुपारी वर पोचलो तेव्हा त्या संपल्या होत्या आणि बायकोला भोवळ आली होती. टाक्यात पाणी होतं, पण दोन पुरुष खोल. उतरायला पायऱ्या नाहीत. तंबूच्या बारीक दोऱ्या एकमेकींना बांधून मी तो मग खाली सोडला, तर तो पाण्यावर तरंगत राहिला. इतका हलका की बुडेचना. झटके देऊन देऊन माझी बोटं कापली. मी मगाला शिव्या घातल्या, विकणाऱ्याला घातल्या, स्वतःला तर पोटभर घातल्या.

"मिळालं का हो?" झाडाखाली पडलेल्या बायकोनं डोळे न उघडता विचारलं.

शेवटी मगात दगड टाकला. ग्रॅम ग्रॅम मोजून घेतलेल्या त्या मगात दगड. तेव्हा कुठं तो बुडाला आणि घोटभर गढूळ पाणी वर आलं. ते रुमालानं गाळून तिला पाजलं. असं कितीतरी वेळा केलं, तेव्हा ती उठून बसली.

मुक्काम न करताच आम्ही परतलो. अण्णा दारात बसले होते, मांडीवर तांब्या आणि दोर. ड्रममागं त्यांना सापडलं होतं. सकाळपासून जेवले नव्हते.

"पाणी मिळालं का?"

"मिळालं की," मी त्यांच्यावरच खेकसलो. चूक माझी होती, म्हणूनच आवाज एवढा चढला.

त्यांनी माझ्या बोटांवरचे वळ पाहिले. उठले, दोर खुंटीला लावला आणि सुनेसाठी माठातलं पाणी त्याच तांब्यात भरून आणलं. ती घटाघट प्यायली. माझाही घसा कोरडा पडला होता, पण मागायला तोंड नव्हतं.