दोन पिवळी कार्डं

ब्रह्मपुरीहून जीपने अर्ध्या तासावरच्या गावात राहणारा गुलाब खोब्रागडे हा चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस. ग्रामसभेतही तो दाराजवळ बसायचा, कुणी काही विचारायच्या आत उठून जाता यावं म्हणून. पण गावात कुणाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, असला की हाच माणूस पेढ्यांच्या ताटाजवळ उभा राहायचा आणि खाली बघत विचारायचा, "दोघांची कार्डं पाह्यली का?"

त्याचा मुलगा राजदीप सिकलसेल या रक्ताच्या आजाराने गेला. थंडी पडली की पोराची हाडं ठणकायची आणि तो उशी दातांत धरून कण्हायचा. एकोणिसाव्या वर्षी ते कण्हणं थांबलं. दवाखान्यातल्या सिस्टरने मग समजावून सांगितलं. लाल कार्ड म्हणजे आजार. पिवळं कार्ड म्हणजे माणूस ठणठणीत, पण आजार रक्तात वागवणारा. दोन पिवळ्यांचं लग्न झालं तर लेकरू लाल निघू शकतं. गुलाब आणि त्याची बायको बायनाबाई यांची तपासणी झाली. दोघंही पिवळी निघाली.

गुलाबने आपलं कार्ड पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली ठेवलं. बायनाबाईला लपवणं जमत नसे. तिने स्वतःचं सांगून टाकलं, नवऱ्याचं सांगितलं नाही. त्या वर्षी धानाच्या रोवणीच्या वेळी शेजारची शकुबाई सगळ्या बायांदेखत म्हणाली की पोरगं आईच्या रक्तानं गेलं. बायनाबाईने चिखलातून मान वर केली नाही. नवरा आज ना उद्या बोलेल, असं तिला वाटत असावं. गुलाब रोपांच्या पेंढ्या टाकत शेताच्या पुढच्या बांधीत निघून गेला.

त्यानंतर तो साक्षगंधांना जाऊन उभा राहू लागला. लोकांनी हाकललं. आपलं पोरगं गेलं म्हणून आता आमची लग्नं मोडायला निघाला, असं तोंडावर म्हणाले. तरी तो जात राहिला. हळूहळू अख्ख्या गावाने रक्त तपासून घेतलं. नऊ वर्षांत गावात लाल कार्डाचं एकही लेकरू जन्मलं नाही. जिल्ह्याचे साहेब आले, गुलाबला शाल दिली. बायनाबाईने बायकांच्या मागे उभं राहून ते पाहिलं. दोन वर्षांपूर्वी तीही गेली.

धाकटी मुलगी सरिता पिवळी होती. गावाने गुलाबचं अर्धंच बोलणं लक्षात ठेवलं होतं, की पिवळं कार्ड वाईट. पिवळी पोरगी म्हटलं की पाहुणे चहा न घेता उठत. तीन स्थळं अशी परत गेली. चौथं गडचांदूरचं. गोपाल सिमेंटच्या कारखान्यात कामाला, त्याची तपासणी साफ. पण ऐन साक्षगंधाच्या दिवशी, पाहुणे बसलेले असताना, त्याचे वडील अडखळत म्हणाले की आईकडचं रक्त खराब आहे असं गावात ऐकलं, तेव्हा जरा थांबलेलं बरं. त्यांनी पेढ्यांच्या ताटावर रुमाल टाकला.

सरिताने बापाकडे पाहिलं.

गुलाब आत गेला. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्याने दोन पिवळी कार्डं ताटाशेजारी ठेवली.

"हे बायनाचं. अन् हे माह्यं," तो म्हणाला. "पासष्ट वर्सं झाली, एक दिवस दवाखान्यात झोपलो नाई. सरिता बी तशीच हाय. पोरगा साफ हाय, तं लेकराले लाल कार्ड येऊच शकत नाई. राजदीप आमच्या दोघांच्या रक्तानं गेला. तिच्या एकटीच्या नाई."

गोपालच्या वडिलांनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "पंधरा वर्सं जुनं हाय हे, अन् तुमी तं ठणठणीत," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी ताटावरचा रुमाल काढला.

दारातून म्हाताऱ्या शकुबाईने विचारलं, "मंग बायना जित्ती होती तवा काऊन नाई सांगितलं, गुलाबभाऊ?"

गुलाबने ताटाशेजारची दोन्ही कार्डं उचलून खिशात घातली.

साक्षगंध झालं. सासूने सरिताच्या हातावर पेढा ठेवला. तिने तो तोंडात घातला नाही. उठली, बापाच्या शेजारून गेली आणि भिंतीवरच्या आईच्या फोटोखाली ठेवून आली. परत येताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.