अकरा सीझनचा परिचय

डिचोलीच्या आमच्या केंद्रात कॅडेट मुलामुलींना परेडबरोबर एखाद्या कामाचं प्रमाणपत्रही मिळतं. मी खोल्यांची व्यवस्था शिकवते. म्हणजे बेड लावणे, चादरी धुणे, बाथरूम घासणे. हे सांगायला मला काडीची लाज वाटत नाही, आणि नेमकी हीच सगळ्यांची अडचण झाली.

केंद्राची मान्यता नव्याने घ्यायची होती. शिकवणाऱ्या प्रत्येकाने आपली पार्श्वभूमी एका पानावर लिहून द्यायची, असा हुकूम आला. केंद्र चालवणाऱ्या निवृत्त सुभेदारांनी माझं पान वाचून माझ्याच हातात परत दिलं. मी लिहिलं होतं: इब्रामपूरची, दहावी पास, मांद्र्याच्या गेस्टहाऊसमध्ये अकरा सीझन खोल्या साफ केल्या.

"ताई, जरा बरं लिहा की. आतिथ्य व्यवस्थापन वगैरे," ते म्हणाले. "आपल्या ड्रायव्हरने बघा, वाहतूक तज्ज्ञ लिहिलंय."

ड्रायव्हर म्हणजे गाड्यांचं काम शिकवणारा आमचा सहकारी. अर्धं आयुष्य त्याने खाणीवर ट्रक हाकला. तो मान खाली घालून चहा ढवळत राहिला. मला त्याचा रागच आला.

"व्यवस्थापन केलं असतं तर लिहिलं असतं," मी म्हटलं. "खोटं लिहून मुलींना काय तोंड दाखवू?"

"मग मालकाचं पत्र आणा. त्याशिवाय तपासणीत तुमचं पान बाद होणार. तुमची सही चालणार नाही आणि तुमच्या पाच मुलींची प्रमाणपत्रं अडकतील."

त्या पाचजणींतल्या एकीची आई माझ्याबरोबर त्याच गेस्टहाऊसमध्ये होती. अजून आहे. मुलीने केंद्राच्या अर्जात आईचा व्यवसाय गृहिणी लिहिला होता. मी ओळख दाखवली नव्हती. त्या वयात कोण काय काय झाकतं, झाकू दे म्हटलं.

म्हापशाला बस बदलून मांद्र्याला गेले. पात्रांव, म्हणजे आमचा जुना मालक, दारातच बसला होता. "अगो, पत्रच ना? तुला मॅनेजर करून टाकतो," म्हणत त्याने शिक्काही काढला.

"मॅनेजर नको. खोल्या साफ करायची, अकरा सीझन, एवढंच लिहा."

त्याचं हसू गेलं. मस्टरवर आमचं कोणाचंच नाव नव्हतं. तसं लिहून दिलं तर उद्या कोणी विचारेल, एवढी वर्षं ठेवली तर नोंद कुठे आहे. "मॅनेजर हवं तर घे, नाहीतर चल," तो म्हणाला. कमाल बघा. ज्या खुर्चीत मी कधी बसले नाही तिचं पत्र मिळत होतं, आणि ज्या लादीवर अकरा वर्षं गुडघे झिजवले तिचं नाही. मी त्याचा शिक्का त्याच्याकडे सरकवला आणि रिकाम्या हाताने परत आले. पान होतं तसंच ठेवलं.

तपासणीला आलेल्या मॅडम कडक होत्या. मुलींनी बेड लावून दाखवला. समुद्रावरून आलेल्या पाहुण्याची चादर धुवायच्या आधी उलटी करून झाडायची, शिवणीतली वाळू काढायची, नाहीतर मशीन तुंबतं, हेही सांगितलं. मॅडमनी चादरीचे कोपरे ओढून पाहिले. ते सुटले नाहीत.

"छान शिकवलंय. पण तुमच्या अनुभवाचा पुरावा?"

"नाही," मी म्हटलं. "मालक मॅनेजरचं पत्र देत होता. मी घेतलं नाही."

सुभेदारांनी कपाळाला हात लावला. मॅडमनी माझं पान पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "बरोबर काम केलेलं कोणी आहे? त्यांनी लिहून दिलं तरी चालेल."

समोर ती गृहिणी लिहिणारी मुलगी उशीचा अभ्रा हातात धरून उभी होती. माझं खरं सांगायचा हट्ट माझा. दुसऱ्याच्या आईचं खरं मी कोण सांगणार? एवढी मिजास करून शेवटी खोटं बोलायला मीच तोंड उघडलं. "नाही, कोणी..."

"माझी आई आहे," ती मुलगी म्हणाली, परेडला ओरडतात तशी. "ती तिथेच खोल्या साफ करते. बाई तिच्याबरोबर होत्या. मी बोलावते तिला. आणि सर, माझा अर्ज जरा परत द्या, त्यात चूक आहे."

दुपारी आई कामावरून तशीच आली, पदराला फिनेलचा वास घेऊन. टेबलावर माझ्यासाठी लिहून ठेवलेल्या दाखल्याशेजारी लेकीचा अर्ज उघडाच होता. खोडलेलं गृहिणी तिने वाचलं. त्याच्यावर लिहिलेलं खोल्यांची साफसफाई वाचलं. लेकीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे हात पुढे केला.

"पेन दी गो. सही खंय करू?"